बोळा, बोंडलं आणि नळी



कुणी आपल्याला भोळं समजून गुंडाळायला लागलं की आपण म्हणतो, "आम्ही काही बोळ्यानं दूध पीत नाही!" हा बोळा कापसाचा, नाहीतर जुन्या धुवट लुगड्याच्या चिंधीचा. तो दुधात बुडवायचा आणि ज्या बाळाला आईच्या अंगावर ओढता येत नाही, त्याच्या ओठांत थेंब थेंब पिळायचा. त्याच्या जोडीला बोंडलं असायचं, चोच असलेलं, तळहातात मावणारं. या दोन वस्तू आपल्या घरातल्या. तिसरी वस्तू दवाखान्यातली, ती म्हणजे नळी.

आज या तिन्हींची गोष्ट सांगायची आहे, आणि त्याला कारण आहे. गावातल्या एखादीचं बाळ दिवस भरायच्या आधी होतं, जिल्ह्याच्या दवाखान्यात एसएनसीयूमध्ये ठेवतात, आणि घरी फोन येतो, "नाकात नळी घातलीय." सांगणारीचा आवाज असा की जणू सगळं आटोपलं. ऐकणारीही पदर डोळ्याला लावते. घरातली मोठी माणसं म्हणतात, आता आईच्या दुधाचं काय काम, तिला घरी घेऊन या, शेक-शेगडी करू. आणि नेमक्या त्या दिवशी, ज्या दिवशी त्या बाळाला आईच्या दुधाची सगळ्यात जास्त गरज असते, त्या दिवशी आई पंचवीस-तीस कोस लांब गेलेली असते. नळीचा इतिहास आम्ही वाचायला घेतला तो यासाठी. वाचल्यावर कळलं की हीच चूक मोठमोठ्या शहरांतल्या मोठमोठ्या डॉक्टरांनीही केली आहे, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

आधी एक जुनी समजूत बाजूला करू. "सातवं जगतं, आठवं जगत नाही," असं आपल्याकडे बायका सहज बोलून जातात. ही समजूत फक्त आपलीच नाही. दोन हजार वर्षांहून जुन्या ग्रीक वैद्यकात, हिपोक्रेटिसच्या नावानं चालत आलेल्या ग्रंथांत, आठव्या महिन्याच्या गर्भावर वेगळं लिखाणच आहे आणि त्यातही हेच सांगितलं आहे. पण ते खरं नाही. बाळ जितके दिवस जास्त पोटात राहील तितकं ते तगण्याची शक्यता जास्त. आठव्या महिन्याचं बाळ सातव्यापेक्षा साधारणपणे बऱ्या स्थितीत असतं. या समजुतीनं किती बाळांकडे घरच्यांनी पहिल्याच दिवशी पाठ फिरवली असेल, त्याची मोजदाद कुणीच ठेवलेली नाही.

आता अपुऱ्या दिवसांच्या बाळाला अंगावर का पिता येत नाही, ते पाहू. दूध पिणं आपल्याला सोपं वाटतं, पण त्यात तीन कामं एकाच लयीत करावी लागतात. ओढायचं, गिळायचं आणि मध्ये श्वास घ्यायचा. ही लय साधारण 34 आठवडे भरल्यावर नीट बसते. त्याआधीच्या बाळाच्या तोंडात दूध सोडलं तर ते अन्ननळीऐवजी श्वासनळीत जाऊ शकतं. बोळ्यानं पाजताना किती बाळं अशी गुदमरली असतील आणि "लागीर झालं" म्हणून आपण गप्प बसलो असू! म्हणून घरी असलं बाळ बोळ्यानं पाजायला जाऊ नये, हे इथंच सांगून टाकतो.

पॅरिसला जाऊ या.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये 'मातेर्निते' नावाचं गरीब बायकांचं मोठं बाळंतपणाचं रुग्णालय होतं. तिथं स्तेफान तार्निए नावाचे डॉक्टर होते. 1878 मध्ये ते तिथल्या प्राणिबागेत गेले असताना त्यांनी कोंबडीची अंडी उबवायची पेटी पाहिली. कोंबडीशिवाय पिल्लं निघतात, मग आईच्या उबेबाहेर आलेलं मूल का तगू नये, असं त्यांना वाटलं. त्याच बागेतल्या ओदिल मार्तँ या माणसाकडून त्यांनी बाळांसाठी तशी पेटी करून घेतली. गांधारीचे तुपाचे कुंभ आपल्याला लहानपणापासून माहीत, त्यामुळे आपल्याला याचं फार नवल वाटायचं कारण नाही. पण ही पेटी खरीखुरी होती. खाली गरम पाणी, वर एकाहून जास्त बाळं. फ्रेंचमध्ये तिचं नाव पडलं 'कुव्हझ', म्हणजे अंड्यावर बसलेली कोंबडी. 1880 च्या सुमारास ती रुग्णालयात आली आणि 1883 मध्ये तार्निए यांचे सहकारी ओव्हार यांनी आकडे छापले. दोन किलोच्या आतल्या बाळांपैकी आधी शंभरातली 66 दगावत. पेटी आल्यावर ते प्रमाण 38 वर आलं.

पण ऊब मिळाली तरी पोटाचं काय? बाळ गरम राहायचं आणि उपाशी मरायचं. मग तार्निए यांनी 1880 च्या दशकाच्या मध्यावर नळी वापरायला सुरुवात केली. तशी नळी फ्रान्समध्ये त्याआधीही एखाद्या डॉक्टरनं वापरली होती, पण रोजच्या रिवाजात तिला आणलं ते तार्निए यांनी. लघवीसाठी वापरतात तसली लाल रबरी नळी, तिच्या टोकाला काचेचं छोटं वाटीसारखं नरसाळं. बाळाला मांडीवर घ्यायचं, डोकं थोडं उचलायचं, नळी ओली करून जिभेच्या मागपर्यंत न्यायची. बाळ आपोआप गिळतं, मग हलकेच पोटापर्यंत सरकवायची. नरसाळ्यात चमचा-दोन चमचे दूध ओतायचं. ते आपल्याच वजनानं खाली उतरतं. थोडा वेळ थांबायचं आणि नळी झटकन बाहेर ओढायची. हळू ओढली तर दूध तिच्यामागोमाग वर येतं. पुढच्या खेपेला पुन्हा नव्यानं घालायची. दिवसरात्र हेच.

या पद्धतीचं नाव पडलं 'गावाज'. हा शब्द तिकडच्या शेतकऱ्यांचा. हंस आणि बदकं लठ्ठ व्हावीत म्हणून त्यांच्या घशात नळी घालून दाणे कोंबतात, त्याला गावाज म्हणतात. नाव काही गोड नाही. पण कोंबायचं मात्र नव्हतं. जास्त दूध दिलं तर बाळाच्या अंगावर सूज येते, पोट बिघडतं आणि बाळ जातं, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. किती द्यायचं आणि किती वेळानं, हा प्रश्न नळीबरोबरच जन्माला आला आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

नळीतून जायचं ते आईचं दूध. ते नसेल तर दाईचं, आणि तेही नसलं तर गाढविणीचं. गाढविणीचं दूध आपल्याकडेही औषध म्हणून देतात, हे आठवून आमच्या गटात खूप हसू झालं. पण दाईच्या बाबतीत हसण्यासारखं काही नव्हतं. पॅरिसमधल्या दाया म्हणजे खेड्यातल्या गरीब बायका. स्वतःचं तान्हं मूल गावी ठेवून त्या शहरात दुसऱ्याच्या मुलाला पाजायला यायच्या, आणि मागे राहिलेली त्यांची मुलं बाटलीच्या दुधावर दगावायची. राजपुत्रासाठी पोटचा मुलगा देणाऱ्या पन्नादाईची गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. इथं राज्यही नव्हतं आणि राजपुत्रही नव्हता, नुसता पगार होता. अखेर 1874 मध्ये फ्रान्समध्ये रूसेल यांच्या नावानं कायदा झाला. त्यानुसार स्वतःचं मूल सात महिन्यांचं होईपर्यंत, किंवा त्याला पाजायची दुसरी सोय केल्याशिवाय, बाईला दाई म्हणून जाता येत नसे. कायदा किती पाळला गेला हा वेगळा विषय. पण एकाचं बाळ वाचवताना दुसरीचं बाळ मरू नये, हे कुणीतरी कागदावर तरी आणलं.

1893 मध्ये त्याच रुग्णालयातल्या मुख्य सुईण मादाम आंरी यांनी अशक्त बाळांसाठी वेगळा विभाग उघडला. इतिहासाच्या पुस्तकांत या बाईंची ओळ दोन ओळींत आटोपते. त्यांचा हा विभाग 1895 मध्ये पिएर ब्यूदँ यांच्याकडे आला. ब्यूदँ हे तार्निए यांचे शिष्य. त्यांनी एक गोष्ट नीट पाहिली, आणि आमच्या मते साऱ्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. बाळ पेटीत आणि आई लांब असं झालं की आईचं दूध आटतं. दूध आटलं की तिचं येणं कमी होतं. आणि बाळ वाचून घरी जायच्या वेळी काही आया त्याला न्यायलाच येत नाहीत. बाळ वाचलं, पण आई गमावून.

यावर ब्यूदँ यांनी त्या बायकांना दोष दिला नाही. त्यांनी पेटीला काच लावून घेतली, म्हणजे आईला बाळ दिसेल. आयांना विभागात येऊ दिलं, काळजी घ्यायला शिकवलं. अशक्त बाळाला ओढता येत नसेल तर दुसरं धडधाकट बाळ त्या आईच्या अंगावर लावायचे, म्हणजे तिचं दूध वाहतं राहील. रोज वजन करून दुधाचा हिशेब ठेवायचे. बाळाच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा दूध चोवीस तासांत, असा त्यांचा अंदाज होता. 1900 मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि 1907 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर झालं.

वाटेल की इथं प्रश्न सुटला. नाही. जगानं ब्यूदँ यांची पेटी उचलली आणि त्यांची काळजी ठेवून दिली. पेटी नेता येते, विकता येते, दाखवता येते. दाखवता येते म्हणजे अगदी जत्रेत! अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या बेटावर 1903 पासून 1943 पर्यंत, चाळीस वर्षं, मार्टिन कूनी नावाचे गृहस्थ अपुऱ्या दिवसांची जिवंत बाळं पेट्यांत ठेवून तिकीट लावून दाखवत. आकाशपाळणा एकीकडे, बाळं दुसरीकडे. ऐकून अंगावर काटा येतो. पण त्या काळात तिथल्या बहुतेक दवाखान्यांत अशा बाळांची सोयच नव्हती, आणि कूनी आईबापांकडून पैसा घेत नसत. त्या जत्रेत दाया ठेवलेल्या होत्या, आणि अगदी बारीक बाळांना नर्सबाई छोट्या चमच्यानं नाकातून दूध सोडायच्या. त्यात हजारो बाळं वाचली. जत्रा वाईट की दवाखाने वाईट, यावर आमच्या गटात एकमत झालं नाही.

शिकागोत ज्यूलियस हेस या डॉक्टरांनी 1922 मध्ये अशा बाळांसाठी रीतसर विभाग सुरू केला. तो चालवला मुख्यतः परिचारिका एव्हलिन लुंडीन यांनी. त्यांचा भर हातांवर होता. कमीत कमी हाताळणं, आईचं दूध आणि प्रत्येक बाळाचा बारकाईनं सांभाळ. पण जंतूंच्या भीतीनं अशा विभागांचे दरवाजे आईबापांना बंद होत गेले. पुढची कितीतरी वर्षं बऱ्याच देशांत आईनं काचेबाहेरून बघायचं आणि परत जायचं, हाच नियम होता.

आता ज्या काळाबद्दल बोलायचं आहे तो आम्हाला वाचतानाही जड गेला. 1940 ते 1960 या दोन दशकांत युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी दवाखान्यांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जन्मानंतर एक, दोन, तीन दिवस, कधी त्याहूनही जास्त, काहीच द्यायचे नाहीत. पाणीसुद्धा नाही. आळस म्हणून नव्हे, तर शास्त्र म्हणून. दूध दिलं तर श्वासनळीत जाईल, अंगावर सूज चढेल, पोट पेलणार नाही. ही भीती अगदीच खोटी नव्हती. तार्निए यांनीही सूज पाहिलीच होती. पण भीतीवरचा उपाय म्हणून उपाशी ठेवलं गेलं. पोटात साठा नसलेलं, अंगावर चरबी नसलेलं, किलो-दीड किलोचं बाळ. आपण धडधाकट बायका एकादशी करतो तरी साबुदाणा खातो.

त्या बाळांची रक्तातली साखर उतरायची, अंगातलं पाणी कमी व्हायचं, कावीळ वाढायची. पुढे 1960 च्या दशकात अशा मुलांच्या वाढीचा मागोवा घेतल्यावर हातापायांचा ताठरपणा आणि बुद्धीची मागास वाढ यांच्याशी या उपासाचं नातं असावं, अशी शंका डॉक्टरांनाच येऊ लागली.

ही रीत मोडायला दोन बायकांनी मोठा हातभार लावला. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला व्हिक्टोरिया स्मॉलपीस आणि पामेला डेव्हिस या दोघी डॉक्टर होत्या. त्यांनी जन्मानंतर काही तासांतच, पाणी न घालता, निर्भेळ आईचं दूध नळीनं द्यायला सुरुवात केली आणि 1964 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अनुभव छापला. साखर उतरण्याचा त्रास कमी झाला, कावीळही कमी राहिली. "पाणी न घालता" हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पाणी घालून पातळ केलं की दूध पचायला सोपं, असं आपल्याकडच्या आज्याच नाही, तिकडचे डॉक्टरही मानत होते.

दरम्यान नळीही बदलली होती. 1950 च्या सुमारास प्लास्टिकची बारीक, मऊ नळी आली. रबरी नळी दर वेळी घालायची आणि काढायची. ही नळी नाकातून किंवा तोंडातून घालून चिकटपट्टीनं बसवली की काही दिवस तशीच राहू शकते. बाळाला दर दोन तासांनी त्रास नाही. आज आपल्याला काचेतून दिसते ती हीच.

मग पुढचा प्रश्न आला: नळीतून घालायचं काय? 1947 मध्ये अमेरिकेत हॅरी गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की साय काढलेल्या गाईच्या दुधावर ही बाळं आईच्या दुधापेक्षा भराभर वजन घेतात. वजनाचा काटा वर गेला की सगळे खूश. आपल्या अंगणवाडीतही काटा वर गेला की आपणही खूशच होतो. पण काट्याला मांस कळत नाही आणि पाणीही कळत नाही. त्या वाढलेल्या वजनातला काही भाग जास्त मिठामुळे अंगात धरलेल्या पाण्याचा होता, आणि जादा प्रथिनांचा भार कोवळ्या मूत्रपिंडांवर व यकृतावर पडतो, हे पुढच्या अभ्यासांतून कळत गेलं. तोवर पावडरचे डबे दवाखान्यांत पक्के बसले होते.

1978 मध्ये कॅनडातल्या टोरोंटोत स्टेफनी ॲटकिन्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी अगदी साधी तपासणी केली. दिवस भरलेल्या बाळंतिणीचं दूध आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतिणीचं दूध शेजारी शेजारी ठेवून मोजलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतिणीच्या दुधात सुरुवातीच्या आठवड्यांत प्रथिनं जास्त निघाली. म्हणजे जे बाळ लवकर आलं त्याच्या आईचं दूधही त्याच्या बेतानं येतं! एसएनसीयूत बसलेल्या आईला आम्ही हे सांगतो तेव्हा ती मान वर करून बघते. कारण "तुझं दूध पातळ आहे, त्यानं काय होणार" हे तिनं आतापर्यंत दहा जणांकडून ऐकलेलं असतं.

अगदी चिमुकल्या बाळांना मात्र नुसतं आईचं दूध काही बाबतींत कमी पडतं, विशेषतः कॅल्शियम, फॉस्फरस आणि प्रथिनं. म्हणून काही दवाखान्यांत त्याच दुधात चिमूटभर पावडर मिसळतात. ती पावडर दुधाऐवजी नसते, दुधात असते. ती दिसली म्हणून आपलं दूध वाईट, असं कुणी मनात आणू नये.

इंग्लंडमध्ये 1982 पासून ॲलन लुकास यांनी शेकडो अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास केला. त्यातून 1990 मध्ये जे छापून आलं त्यानं पावडरवाल्यांची झोप उडायला हवी होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्याचा एक भयंकर आजार होतो. आतड्याचा भाग सुजतो, काळा पडतो, मरतो. फक्त पावडरचं दूध मिळालेल्या बाळांत हा आजार फक्त आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा सहा ते दहा पट जास्त दिसला. पुढे 1992 मध्ये त्यांनीच सांगितलं की ज्यांना आईचं दूध मिळालं ती मुलं साडेसात-आठ वर्षांची झाल्यावर बुद्धीच्या चाचणीत सरासरी आठ गुणांनी पुढे होती. हा दुसरा आकडा आम्ही फार ताणणार नाही. दूध देणाऱ्या आयांचं घर, शिक्षण यांतही फरक असू शकतो, आणि तो हिशेबातून पुरता काढता येतो असं नाही. पण एक गोष्ट बघा. ही मुलं अंगावर प्यायलेली नव्हती. त्यांना आईचं दूध नळीतूनच मिळालं होतं.

आता आपल्या राज्यात येऊ.

मुंबईत शीव इथं लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालय आहे, लोक त्याला सायन हॉस्पिटल म्हणतात. जवळच धारावी. तिथं नवजात बाळांच्या विभागात डॉ. आर्मिडा फर्नांडिस होत्या. त्यांनी 27 नोव्हेंबर 1989 रोजी तिथं आईच्या दुधाची पेढी सुरू केली. साऱ्या आशियातली ती पहिली. युरोपात अशा पेढ्या 1909 पासून होत्या. पहिली व्हिएन्नात निघाली. पण 1980 च्या दशकात एचआयव्हीच्या भीतीनं युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच पेढ्या बंद पडत होत्या. नेमक्या त्या दिवसांत पालिकेच्या गर्दीनं भरलेल्या रुग्णालयात एका बाईंनी ही पेढी उघडली.

पेढीचं काम असं चालतं. ज्या बाळंतिणीला स्वतःच्या बाळाचं पोट भरूनही दूध उरतं, तिच्याकडून मागायचं. विकत घ्यायचं नाही. तिची रक्ततपासणी होते. जमलेलं दूध 62.5 अंश तापमानावर अर्धा तास ठेवायचं, म्हणजे जंतू मरतात, मग गोठवायचं. ज्या बाळाची आई आजारी आहे, लांब आहे किंवा गेली आहे, त्याला ते नळीनं, वाटीनं द्यायचं. दाईच्या काळातला अन्याय इथं नाही. कुणाचं मूल उपाशी ठेवून दुसऱ्याचं भरायचं नाही. ब्राझीलमध्ये तर याचं देशभर जाळं आहे. तिथं महागड्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या झाकणाच्या काचेच्या जुन्या बरण्या उकळून वापरतात, आणि राजधानी ब्राझीलियात अग्निशमन दलाचे जवान घरोघर जाऊन दूध गोळा करतात. बंबाचा माणूस दारात आला की इथं आपल्या छातीत धडकीच भरेल!

1978 मध्येच, तिकडे कोलंबियात, बोगोता शहरातल्या रुग्णालयात पेट्या अपुऱ्या पडत होत्या. एकेका पेटीत दोन-तीन बाळं, एकाचा संसर्ग दुसऱ्याला. डॉ. एदगार रेय यांनी बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं बांधलं, कांगारूच्या पिशवीतल्या पिल्लासारखं. पेटीही आई आणि दूधही आई. ही गरिबीतली तडजोड आहे, असं कितीतरी वर्षं श्रीमंत देश मानत राहिले. 2021 मध्ये भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या रुग्णालयांतला मोठा अभ्यास आला. आपल्याकडचं रुग्णालय दिल्लीचं सफदरजंग. एक किलो ते 1.8 किलोच्या आतली बाळं जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवली, आई-बाळ एकाच विभागात ठेवली, तर पहिल्या 28 दिवसांत शंभरातली 12 दगावली. बाळ आधी स्थिर होऊ द्या, मग आईकडे द्या, या जुन्या पद्धतीत जवळजवळ 16. फरक इतका ठळक की अभ्यास ठरल्याआधीच थांबवावा लागला.

आणि गडचिरोली. तिथं 1990 च्या दशकात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या बाळाचं वजन करायच्या, ऊब राखायच्या, अंगावर पिता येत नसेल तर आईचं दूध काढून चमच्यानं कसं द्यायचं ते दाखवायच्या. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत 62 टक्क्यांनी कमी झाले. हे 1999 मध्ये त्याच 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आपल्या आशाताई बाळंतपणानंतर घरी येऊन वजनकाटा लावतात, त्या कामाची मुळं तिथं आहेत.

मग एसएनसीयूत बाळ असेल तर आईनं काय करायचं? तिथं राहायचं. घरच्यांनी तिला राहू द्यायचं, तिचं जेवण पोचवायचं. पहिल्या दिवशी पिवळसर चीक येतो, चार-दोन थेंबच येतो. तो टाकायचा नाही. या बाळाला एका वेळी लागतंच किती! हात धुऊन, उकळलेल्या वाटीत, दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा हातानं दूध काढायचं, रात्रीचंही. पहिल्या दिवशी वाटीचा तळही झाकला नाही तरी काढत राहायचं. काढलं तरच येतं. सिस्टर ते नळीला जोडलेल्या सिरिंजमध्ये ओततात. दट्ट्या दाबत नाहीत. सिरिंज वर धरली की भराभर उतरतं, खाली घेतली की हळू. नळी जागेवर आहे का हे त्या दर वेळी तपासतात. ते काम त्यांचंच, आपण नळीला हात लावायचा नाही. पण सिरिंज धरून उभं राहायला आईला सांगितलं तर नक्की धरायची. बाळ छातीशी असतानाच दूध उतरत असेल, तर आणखी बरं. दूध पोटात जाताना बाळ रिकामी चोखणी घेतं आणि ओढायला शिकतं.

लय बसली की नळी निघते, पण बाळाला लगेच सगळं दूध अंगावर पिण्याइतकी ताकद नसते. तेव्हा बाटली नाही. वाटी, चमचा, किंवा तमिळनाडू-केरळात 'पालडई' म्हणतात ती चोचीची वाटी. जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 च्या आपल्या सूचनांत तिचं नाव घालून ती चालेल असं सांगितलं आहे. आमच्या गटातल्या एका आजींनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर बोंडलंच की!" फरक इतकाच की आता ते दर वेळी उकळून घ्यायचं, बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, आणि दूध घशात ओतायचं नाही. चोच ओठांना टेकवायची आणि बाळ स्वतः गिळेपर्यंत थांबायचं.